मापाबाहेरचा तुकडा

रोज सकाळी यमुताई गाडीचं दार उघडत, तेव्हा लोखंडाचा तुकडा खाली पडलेला असे. त्यांचा उजवा पाय आखूड, म्हणून त्यांच्या यजमानांनी, भालचंद्ररावांनी, तो तुकडा घरीच कापून ब्रेकच्या पेडलवर बसवला होता. पण नव्या गाड्या रात्रीत जखमेसारख्या आपोआप भरून येत आणि कंपनीच्या मापाबाहेरचं सगळं टाकून देत. माहितीपुस्तिकेत त्यावर उपाय नव्हता. "हट्टी कुठली," म्हणत भालचंद्रराव रोज पुन्हा बोल्ट आवळत.

एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. यमुताईंनी गाडीचं दार उघडलं.

"थांब, आधी तुकडा बसवतो," ते घामाघूम होऊन म्हणाले.

यमुताईंनी खाली चाचपलं. तुकडा नव्हता. तो पेडलवरच होता, आणि त्याच्या कडेनं गाडीनं आपलं लोखंड भरून त्याला जोडून घेतलं होतं.

"अहो, मागे बसा," त्या म्हणाल्या. "पाय पोचतोय."