तात्यांची माळ

पावसाळा सरला की उपग्रह केंद्रातल्या अजस्र डिश अँटेनात उतरून तळाची भोकं साफ करायची, हे मृदुलाचं दरवर्षीचं काम. भोकं बुजली की पाणी तुंबतं आणि बोल्ट गंजतात.

याच भोकांवरून डिशला ग्रीस घालणाऱ्या तात्यांशी तिचं वाजायचं. खंडेनवमीला तात्या डिशला झेंडूची माळ घालायचे आणि संध्याकाळी मृदुला ती उतरवायची. "तात्या, पाकळ्या भोकांत अडकतात हो!"

"अगं पोरी, वर्षभर आभाळाकडे कान लावून बसते बिचारी. एक दिवस नटू दे की तिला!"

गेल्या वर्षीची खंडेनवमी तात्यांची नोकरीतली शेवटची. तेवढ्या एका वर्षी मृदुलाने माळ काढली नाही. उन्हाळ्यात तात्या गेले.

आज तळाच्या शेवटच्या भोकाशी साचलेला गाळ उकरायला तिने खुरपं उचललं आणि हात तसाच थांबला. गाळात झेंडूचं रोप तरारलं होतं. शेंड्याला एक टपोरी कळी.

खालून मदतनीस इस्माईलने हाक दिली, "मॅडम, सगळी भोकं मोकळी झाली का?"

"एक सोडून," ती वरूनच म्हणाली. "ते दसरा झाल्यावर बघू."