यादीतला तिसरा

वेंडल ओस्ट्रँडर टोपी मांडीवर ठेवून कोच क्रँट्झच्या टेबलासमोर बसला होता. दहा मिनिटं झाली तरी गडी मुद्द्यावर येत नव्हता.

"बोल की आता," क्रँट्झ म्हणाला. "उद्या सामना आहे माझा. तुझ्याकडून मक्याचा भाव ऐकायला बसलोय का मी?"

"टोबिनला उद्या उतरव," वेंडल म्हणाला. "घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आहे. एक खेळी दे. एकदाच चेंडू त्याच्या हातात येऊ दे."

क्रँट्झने पेन खाली ठेवलं.

सत्तावीस वर्षांपूर्वी दोघं याच कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात होते. चेंडू हातात घेऊन सगळा खेळ चालवणारा क्वार्टरबॅक म्हणजे क्रँट्झ. त्याच जागेच्या यादीत तिसरं नाव वेंडलचं. चार वर्षांत वेंडलच्या गणवेशाला माती म्हणून लागली नाही. तेव्हापासून ओस्ट्रँडरांच्या घरात जेवताना क्रँट्झचं नाव काढायची सोय नव्हती. आणि आता त्याच क्रँट्झच्या यादीत, त्याच जागेवर, वेंडलचा मुलगा टोबिन तिसरा होता.

यादी दर मंगळवारी लागे. एकेका जागेला तीन-तीन नावं. "संघ मैदानात दिसत नाही, बाकावर दिसतो," असं क्रँट्झ वार्ताहरांना ऐकवायचा. "तिसरा माणूस भक्कम असला की पहिला बिनधास्त खेळतो. संघाला खोली हवी, खोली!" ते वाचून वेंडलचं पित्त खवळायचं. विहीर कितीही खोल असली तरी पोहरा भरतो तो वरच्याच पाण्याने.

पहिली तीन वर्षं टोबिनला निदान किक मारणाऱ्यासाठी चेंडू धरायला तरी बोलवत. यंदा सप्टेंबरच्या चार सामन्यांत त्याने चेंडू धरला आणि मग तेही काम दुसऱ्याकडे गेलं. नव्या पोरांना असं बसवतात ते वेंडलला कळत होतं. कॉलेजात खेळायला एकूण चारच वर्षं मिळतात, पण हंगामात चारपर्यंतच सामन्यांत उतरलं तर ते वर्ष खर्ची पडत नाही, पोराला पुढे आणखी एक हंगाम मिळतो. कोवळ्या पोरांना ते ठीक. पण टोबिन चौथ्या वर्षाला होता. मे महिन्यात पदवी, जूनपासून बापाबरोबर धान्याच्या गोदामावर नोकरी. त्याला बसवण्यात क्रँट्झचा निव्वळ माज होता, दुसरं काही नाही.

"टोबिनने पाठवलंय तुला?" क्रँट्झने विचारलं.

टोबिनला या भेटीचा पत्ताही नव्हता.

"हो," वेंडल म्हणाला. "बुजरा आहे रे. स्वतः नाही मागायचा."

"मला तर त्याने वेगळंच सांगितलं होतं."

"तोंडाने काहीही सांगेल. मनात काय आहे ते बापाला ठाऊक."

"नीट विचार केलाय त्याने?"

"एका खेळीसाठी काय विचार करायचा? शपथेवर सांगतो, त्यानेच पाठवलंय मला."

क्रँट्झने पेन पुन्हा उचललं. "ठीक आहे. पोराचीच इच्छा असेल तर मी कोण आडवा येणारा? पण उद्या मला बोल लावू नकोस, वेंडल."

"बोल कसला लावतोय! पाय धरीन तुझे," वेंडल म्हणाला, आणि हे शब्द आपल्या तोंडून गेले याची त्याला घरी पोचेपर्यंत लाज वाटत राहिली.

शनिवारी नोव्हेंबरचा वारा हाडं फोडत होता. सामन्याआधी शेवटच्या वर्षाची पोरं आईबापांबरोबर मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेली. टोबिनचं नाव पुकारलं तेव्हा त्याची आई लोर्ना रडली. वेंडल रडला नाही. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

सामन्याची शेवटची चार मिनिटं उरली होती. संघ अठ्ठावीस गुणांनी पुढे. क्रँट्झने टोबिनला हाक मारली.

टोबिनने नकाराची मान हलवली. क्रँट्झ त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. टोबिनने पुन्हा मान हलवली. तेव्हा क्रँट्झने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेक्षकांत बसलेल्या वेंडलकडे बोट दाखवलं.

"घाबरलाय गं," वेंडल म्हणाला. तो बाकड्यावर चढून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "जा रे! जा, पोरा!"

टोबिन लांबून त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने शिरस्त्राण चढवलं आणि मैदानात पळाला.

चेंडू त्याच्या हातात आला, त्याने तो पळणाऱ्याला दिला, पळणारा तीन यार्डांवर पडला. झालं. वेंडलने शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. "माझा मुलगा! माझा!" सत्तावीस वर्षांचा काटा निघाला होता आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

सामन्यानंतर टोबिन ओल्या केसांनी ट्रकपाशी आला. लोर्नाने त्याला वाटीभर गरम चिली, राजमा-खिम्याचं कालवण, दिली. ती त्याने तशीच हातात धरली.

"आता कसं, सगळं मनासारखं झालं," वेंडल म्हणाला. "जूनमध्ये मोकळ्या मनाने गोदामावर ये. मुकादमाला सांगून ठेवलंय मी."

"येतो," टोबिन म्हणाला. "आता येईनच. फक्त विल्मर्थच्या कोचना कळवायचं राहिलंय."

"विल्मर्थ? आपल्या वैऱ्याचं कॉलेज ते! त्याच्याशी तुझं काय काम?"

"पदवीनंतर पुढच्या हंगामात त्यांच्या यादीत पहिलं नाव माझं लागणार होतं, बाबा. म्हणून हे वर्ष वाचवायला मीच क्रँट्झना सांगून बाकावर बसलो होतो. हंगाम संपला की तुम्हाला सांगणार होतो. आज पाचव्या सामन्यात उतरलो, वर्ष खर्ची पडलं."

वेंडलने ट्रकवर हात आपटला. "मग नाही म्हणायचंस ना, गाढवा!"

"दोनदा म्हणालो. कोच म्हणाले, तुझा बाप शपथेवर सांगून गेलाय की तूच त्याला पाठवलंस." टोबिनने वाटी खाली ठेवली. "त्या माणसासमोर तुम्हाला खोटं पाडू?"