जीवनच्या सिंथची भुणभुण

सतराव्या दिवशीही सिंथ भुणभुणत होता.

जीवनने आधी टेबलाला कान लावला, मग डब्याला, मग स्पीकरला. एकही कळ दाबलेली नसताना स्पीकरमधून जाड, एकसुरी आवाज येत होता. काही वाजवलं की तो खाली दबायचा. वाजवणं थांबलं की पुन्हा वर यायचा.

कळा दाबल्या की सर्किटमधून सूर काढणारं हे वाद्य जीवनने गंजाडच्या घरात स्वतः जोडलं होतं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तारापूरच्या एका कारखान्यात तो टेक्निशियन होता. नुसत्या आवाजावरून जीवन मशीनचा बिघाड ओळखतो, अशी तिथे त्याची ख्याती होती. ती बहुतेक त्यानेच पसरवलेली होती. आज दुपारी तलासरीहून मुकेश सिंथ ऐकायला येणार होता. त्याच्या बेंजो पार्टीला लग्नाच्या सीझनसाठी नवं वाद्य हवं होतं. "जरासा आवाज आहे, संध्याकाळपर्यंत काढतो," असं जीवनने त्याला फोनवर सांगितलं होतं. त्याला दोन आठवडे झाले होते.

त्याने डहाणूहून नवे कपॅसिटर आणून बसवले. वायरी बदलल्या. ट्रान्सफॉर्मर हातभर लांब नेला. मोबाइलवरच्या एका ग्रुपवर प्रश्न टाकला, तेव्हा चौदा जणांनी चौदा उपाय सुचवले. त्याने चौदाही करून पाहिले. पंधरावा त्याचा स्वतःचा होता. त्याने सिंथचं तोंड पूर्वेकडे केलं. हे त्याने ग्रुपवर टाकलं नाही.

त्याची आई, हिरी, भांडी घासता घासता उठून चहा घेऊन आली. टेबलावर कप ठेवायला जागा नव्हती. तिने ओल्या हाताने डबा थोडा सरकवला.

भुणभुण थांबली.

तिने हात काढला. भुणभुण सुरू झाली.

"आई, परत हात ठेव," जीवन म्हणाला.

तिने ठेवला. आवाज गेला. त्याने तिला हात काढायला लावला, ठेवायला लावला, पुन्हा काढायला लावला. असं पाच वेळा झालं. पाचही वेळा त्याने वहीत नोंद केली, आणि खाली लिहिलं, 'माणसाचा स्पर्श, आवाज शून्य.' आपण काहीतरी मोठं शोधलंय असं त्याला वाटायला लागलं. ग्रुपवरच्या चौदा जणांना हे कसं समजावून सांगायचं, याची वाक्यंही त्याने मनात जुळवली.

"आता असाच ठेव. मी एक गाणं पूर्ण वाजवतो."

हिरी अनवाणी, ओल्या पायांनी फरशीवर उभी राहिली, डब्यावर हात ठेवून. जीवन खुर्चीत बसून वाजवू लागला. त्याच्या पायात जाड रबरी चपला होत्या. त्या तो घरातही काढायचा नाही, कारखान्यातली सवय. गाणं स्वच्छ वाजलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा त्याला आपलं वाद्य नीट ऐकू आलं, आणि ते खरंच चांगलं होतं.

"झालं का?" हिरीने विचारलं. "हात झिणझिणतोय."

जीवनची बोटं थांबली. "डब्याला हात लावल्यावर?"

"हां. फ्रिजला लावला की होतं ना, तसंच."

"फ्रिजला? कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"मग मला सांगायचंस ना."

"बोलले ना तुला. तू म्हणालास, वय झालं की होतं. मग त्या बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आणून दिल्यास."

जीवनने तिचा हात डब्यावरून बाजूला केला. मीटर उचललं. एक टोक फ्रिजच्या पत्र्याला लावलं, दुसरं ओल्या फरशीला. आकडा ब्याऐंशी व्होल्टवर जाऊन थांबला. कारखान्यात सुरक्षेच्या परीक्षेत तो दर वर्षी पहिला यायचा. फ्रिजला हात लावून बघायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.

त्याने मेन स्विच पाडला, फ्रिजचा प्लग काढला आणि घरामागे गेला. अर्थिंगची तार जमिनीत जायची तिथेच तुटलेली होती. जूनमध्ये पाणी जायला तिथे चर खणला होता. खणणारा तोच होता. फ्रिजमधून झिरपणारी वीज जमिनीत जायच्या ऐवजी पाच महिने घरभर त्या तारेतून फिरत होती, फ्रिजच्या पत्र्यावर, प्लगांमध्ये आणि आता बिस्किटांच्या डब्यात. हिरीने हात लावला की ती तिच्या अंगातून जमिनीत जायची. आवाज थांबत होता तो त्यामुळे. जीवनला रबरी चपलांमुळे ती कधी जाणवलीच नव्हती.

तार जोडून, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून तो आत आला. फ्रिज दुरुस्त करणारा डहाणूहून उद्या येणार होता. जीवनने मेन स्विच वर केला, सिंथ लावला आणि कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. वहीतलं ते पान त्याने फाडलं.

"आता नको ना हात ठेवायला?" हिरीने दारातून विचारलं.

"नको," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

दुपारी मुकेश आला. त्याने स्पीकरजवळ बसून बराच वेळ ऐकलं, मग स्वतः चार सूर वाजवले, आणि डिसेंबरच्या पहिल्या लग्नाला सिंथ घेऊन ये म्हणाला. निघताना त्याने विचारलं, "तो आवाज काढलास कसा? कोणाला विचारलंस?"

आतमध्ये हिरी कप धूत होती.

"विचारलं नाही," जीवन म्हणाला. "आई पाच महिने सांगत होती."