शेवटच्या कार्डावरचं च्युइंगम

बसा, गोष्ट सांगतो. पण घाण आहे. नुकतेच जेवला असाल तर सांभाळून ऐका.

आम्ही अमेरिकेतले ओहायोवाले बेसबॉलच्या खेळाडूंच्या फोटोंची कार्डं जमवतो. माझा बहात्तर सालचा संच एका कार्डासाठी चाळीस वर्षं अडला होता. परवा डुलूथ गावच्या वेंडेल कोसिकनं, आमच्यासारख्याच एका नादिष्टानं, चारशे कार्डांचं पार्सल फुकट धाडलं. आत चिठ्ठी: ‘ठेव गड्या, मला आता नकोत.’

सगळ्यात खाली मला हवं असलेलं ते कार्ड! पण पाठीला च्युइंगम चिकटलेलं. तेव्हा कार्डांच्या पाकिटात च्युइंगमची वडी यायचीच, पण ती वाळून खडखडीत होते. हे चघळलेलं होतं. ओलं, आणि कोमट.

“शी! फेक ते कार्डासकट!” माझी बायको डार्लीन ओरडली.

“चाळीस वर्षं थांबलोय बाई, फेकू कसं?”

सुरीनं ती घाण खरवडून केरात टाकली आणि कार्ड संचात लावलं.

सकाळी कार्डावर पुन्हा तेवढाच ओला गोळा. त्यावर दातांचे ठसे, वरच्या पुढच्या एका दाताची जागा रिकामी. माझा तोच दात चेंडू लागून पडलाय.

“ऑर्व्हिल, काय चघळतोयस?” डार्लीननं विचारलं.

“काही नाही.”

“मग जबडा का हलतोय?”

तो अजून थांबलेला नाही. तोंडात सारखी गोड, चिकट लाळ सुटते. डार्लीन जवळसुद्धा येत नाही. तुम्ही जरा ही बॅटरी धरा, आणि माझ्या तोंडात बघून सांगा, आत काय आहे ते.