जिन्यावरचे कागद

बसा जरा, एका लई शिकलेल्या माणसाची गंमत सांगतो. एका कॉलेजातले सर संशोधन करत होते, माणूस माणसाला मदत का करतो यावर. रोज अकराला ते जिन्यावर मुद्दाम कागदांचा गठ्ठा सांडायचे आणि वही घेऊन खांबाआड दडायचे, कोण कोण उचलायला थांबतं ते मोजायला. पण जिना पुसणारी मावशी हातातलं फडकं टाकून सगळ्यांच्या आधी धावायची आणि कागद गोळा करून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायची.

चौथ्या दिवशी सर तिच्यावर खेकसले, "अहो, तुम्ही माझी मोजणी बिघडवताय. परत हात लावलात तर कामावरून काढायला लावीन."

घरात कमावणारी ती एकटीच. "बरं साहेब," म्हणाली, आणि कागदांच्या कडेकडेनं फरशी पुसायला लागली. कागद तसेच पडून राहिले, आणि सरांनी लिहून टाकलं, माणूस मुळातच आपमतलबी. वर त्या संशोधनाला बक्षीस मिळालं.

बक्षीस घ्यायला निघाले आणि त्याच जिन्यावर सरांचा पाय घसरला. भाषणाचे कागद खालपर्यंत उडाले, सर घोटा धरून पायरीवर बसले. "मावशी, बघत काय उभ्या राहिलात? उचला ना."

मावशीनं फडकं खांद्यावर टाकलं, खांबाआड गेली आणि बोटांवर मोजायला लागली.



तिकडून जाणार असाल तर एवढं करा, सरांना ओलांडून सरळ पुढे निघा. बाईची मोजणी बिघडायला नको.