फडातली कळ

आशामती पुन्हा बांधाआड जाऊन आली, तशी तिच्या सासूनं, सोजरबाईनं हातातला कोयता उसाच्या मोळीवर टाकला.

"अजून दुखतंय का गं?"

"ओटीपोटात कळ येती, आत्या. सारखी लघवी लागती, आन् थेंबभरच होती. आग नुसती!"

"पिशवी नासली असंल," पलीकडून मुकादमाची बायको बोलली. "काढून टाका एकदाची, म्हंजी कामाला खाडा न्हाई."

आशामतीच्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती, पाळण्याची दोरीही वळली नव्हती. आणि या सासूची गर्भपिशवी ऐन विशीत, एका लेकरावर, अशीच काढलेली. आता आत्या काय म्हणणार? सोजरबाई सुनेचा दंड धरून तडक सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागली.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, लघवी तपासायला घेतली. तोवर आशामती पदर पोटाशी आवळून बाकावर बसून राहिली.

"लघवीत जंतू झालेत. गोळ्या देते. पाणी भरपूर पी, आणि फडात लघवी दाबून धरू नकोस."

"आन् पिशवी?" तिनं भीतभीत विचारलं.

"तिला काय धाड भरलीय? चांगली आहे की!"

आशामतीला हसू फुटलं. हसतच ती सासूकडे वळली. सोजरबाई जागची हलली नव्हती. तिचा हात स्वतःच्याच पोटावर होता.

"बाई," ती म्हणाली, "मलाबी असंच व्हायचं. माझी लघवी कुणी तपासलीच न्हाई."