चाकू धरायची शिकवणी

अमेरिकेतल्या त्या मांसाच्या कारखान्यात चाकू कसा धरायचा, हे ब्रह्मदेशातून आलेल्या सानमेला सोमाली होदाननंच शिकवलं. पुढं नमाजाच्या सुट्टीवरून होदान साहेबाशी भांडली आणि तिच्यासकट साऱ्या सोमाली बायकांना नारळ मिळाला. त्यांच्या जागी सानमेच्या गाववाल्या उभ्या राहिल्या.

बाजारात होदान भेटली. "तुमचं बरंय बाई, तोंडात पान कोंबलं की झालं, साहेबाला नाही म्हणायलाच नको!"

"आमच्यात थोरांना नाही म्हणत नाहीत गं, ताई."

"मला शिकवणारी मेक्सिकन बाईसुद्धा कधी नाही म्हणाली नव्हती. मी शिकले, आणि तिचीच जागा मला दिली."

सोमवारी साहेबानं एक नवी बाई आणून उभी केली. "सानमे, हिला जरा चाकू धरायला शिकव."

सानमेच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो, साहेब."